श्रवण हीही सेवा



नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे, हे आपण सारे जाणतो. माझी पंचेचाळीस वर्षे दुसऱ्या भक्तीत गेली. सप्ताह, दिंडी, पुण्यतिथ्या, काल्याची कीर्तने. बोलणे हाच नेम होऊन बसला. आता सत्तरी ओलांडली, गळा साथ देत नाही, म्हणून नारदाच्या गादीवरून उतरून श्रोत्यांत येऊन बसलो. तिथे बसल्यावर श्रवणाचा विचार करायला सवड मिळाली. त्या विचाराला दिशा दिली माझ्या धाकट्या लेकीने. तिने उतारवयाच्या उंबरठ्यावर जे शिक्षण आरंभले आहे, त्याविषयी वाचक माउलींशी चार शब्द बोलावेत असे वाटते.

लेक अमेरिकेत, न्यू जर्सीत असते. संगणकाच्या कंपनीत चांगली नोकरी, जावई सुस्वभावी, दोन मुले शाळेत. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तिने ठरवले की पुन्हा विद्यार्थिनी व्हायचे, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घ्यायची आणि पुढे ‘क्लिनिकल सोशल वर्कर’ व्हायचे. मनाने खचलेल्या माणसाजवळ बसून त्याचे ऐकणारी, त्याच्या दुःखाचे निदान करणारी आणि संवादातून उपचार करणारी ही परवानाधारक मंडळी असतात. औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांना नसतो. ते काम डॉक्टरांचे.

बातमी घरात फुटली तशी कुजबुज सुरू झाली. चालती नोकरी का सोडायची? पडद्यासमोर बसून कसली विद्या येणार? आमचे थोरले मेहुणे तर स्पष्टच बोलले, “बुवा, तुमची लेक लोकांचं रडगाणं ऐकायचे पैसे घेणार का आता? दुःखाला नाम पुरे नाही होय?” मेहुण्यांचे बोलणे कडू असले तरी प्रश्न खरे होते. मागच्या वर्षी पाच महिने मी लेकीकडे राहिलो, तेव्हा हे प्रश्न सोबत घेऊनच गेलो होतो.

पहिला प्रश्न विद्येचा. या अभ्यासक्रमाला ‘हायब्रीड’ म्हणतात. आपल्याकडे हायब्रीड म्हटले की ज्वारीचे बियाणे आठवते. इथे अर्थ असा की काही वर्ग घरून, संगणकाच्या पडद्यावर. काही दिवस प्रत्यक्ष विद्यापीठात. आणि उरलेले शिक्षण माणसांत. लेक दिवसा नोकरी करायची, संध्याकाळी मुलांचे जेवण उरकून पडद्यासमोर बसायची. मी शेजारच्या खोलीत हरिपाठ म्हणायचो, तिचा वर्ग पलीकडे चालायचा. पूर्णवेळ शिकणाऱ्याला दोन वर्षे लागतात. नोकरी सांभाळून तिला तीन-चार लागतील.

पण खरा अभ्यास पडद्याबाहेर असतो. रुग्णालय, शाळा किंवा समुपदेशन केंद्रात प्रत्यक्ष काम केल्याशिवाय पदवी मिळत नाही. तिथल्या शिखर संस्थेच्या नियमाने त्याचे किमान ९०० तास भरावे लागतात. यासाठी लेकीने नोकरीचे तास कमी करून घेतले, पगार घटला. पदवीनंतर काही राज्यांत परीक्षा. मग अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली आणखी दोन-तीन वर्षे काम. अनेक राज्यांत हे तास तीन हजारांच्या घरात जातात. त्यानंतर परीक्षा, आणि तेव्हा कुठे स्वतंत्रपणे उपचार करण्याचा परवाना.

या शिक्षणातली एक रीत मला फार आवडली. एखाद्या माणसाशी तासभर बोलून आले की विद्यार्थ्याने ते संभाषण आठवून आठवून लिहून काढायचे. एका रकान्यात त्याचे शब्द, दुसऱ्यात आपले, तिसऱ्यात त्या वेळी आपल्या मनात काय उठले ते. मग गुरू शेजारी बसून विचारतो, इथे तू मध्येच का बोललीस? इथे तो गप्प झाला तेव्हा तुला भीती का वाटली? हे ऐकले आणि मला आळंदी आठवली. वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे आमचे असेच घडले. माधुकरी मागायची, पाठांतर करायचे आणि गुरुजींपुढे उभे राहून निरूपण करायचे. शब्द चुकला की थांबवायचे. आवाजात ‘मी’ डोकावला तर अधिकच थांबवायचे. लेकीचे गुरुजीही तेच करतात. समोरच्याचे ऐकताना आपला ‘मी’ किती आडवा येतो, ते दाखवून देतात.

एक योगायोग सांगतो. सद्गुरू जोग महाराजांनी आळंदीची ही संस्था १९१७ साली सुरू केली. त्याच वर्षी अमेरिकेत मेरी रिचमंड या विदुषीचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ निघाला. समाजकार्याला शास्त्राची बैठक देणाऱ्या ग्रंथांत तो अग्रगण्य मानतात. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण नुसती कळकळ पुरत नाही, तिला अध्ययनाची जोड हवी, हे दोन्हीकडे एकाच सुमारास कुणीतरी ओळखले होते. कळकळीला आपण साधनेची शिस्त लावतो, तेव्हाच ती सेवा होते.

दुसरा प्रश्न नामाचा. नामाचा महिमा मी पंचेचाळीस वर्षे गायिला आणि शेवटच्या श्वासापर्यंत गाणार. पण आपल्या दिंडीत एखाद्या माउलीच्या पायाला फोड आला, तर तिला आपण ‘चालत राहा, नाम घे’ एवढेच सांगतो का? वाटेवरच्या दवाखान्याच्या तंबूत नेतो, मलमपट्टी करतो, आणि ती माउली नाम घेतच पट्टी बांधून घेते. मलमाने नाम उणे होत नाही. मग मनाला फोड आला तर तिथे आपण उपदेशावर का थांबतो?

मराठवाड्यातल्या एका गावचा सप्ताह आठवतो. एक बाई सलग तीन रात्री कीर्तन संपल्यावर पायाशी येऊन बसायच्या. बोलायच्या एवढेच, “महाराज, झोप लागत नाही. जीव नुसता घाबरा होतो.” कर्ता मुलगा गेला होता. गावकरी धीर द्यायचे, देवाची इच्छा म्हणायचे. त्यांच्या दिरांना मी सुचवले, त्यांनी बाईंना जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. गोळ्यांनी झोप येऊ लागली, त्या हिंडू-फिरू लागल्या. पुढच्या वर्षी सप्ताहाला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “झोप आली, पण बोलायचं राहिलंच.” पोर गेले होते, त्याने काढलेले कर्ज होते, सुनेचे माहेरी जाणे होते, नातवाची ओढ होती. डॉक्टरांपुढे रांग मोठी. माझी पुढच्या गावी तिथी लागलेली. हे सगळे एकत्र ऐकून घेणारे, आणि कर्जाच्या कागदापासून सुनेच्या माहेरापर्यंत वाट काढून देणारे माणूस त्या साखळीत नव्हतेच. लेकीचे शास्त्र सांगते की माणूस आणि त्याची परिस्थिती वेगळी करून पाहू नये. मन दुखते ते घरात, शेतात, नात्यांत दुखते. त्या बाईंच्या बाबतीत हे शब्दशः खरे होते.

आणि आधी ऐकावे, मग बोलावे, हे काही परक्यांनी आपल्याला शिकवलेले नाही. गीतेचा पहिला अध्याय कशाचा? अर्जुनाच्या विषादाचा. हात गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, धनुष्य निसटले. प्रत्यक्ष भगवंत रथावर बसलेले; पण अर्जुन बोलत असताना ते त्याला मध्येच थांबवत नाहीत. अध्याय संपेपर्यंत त्याला पोटभर बोलू देतात. अर्जुन स्वतः शरण येऊन विचारतो, त्यानंतर खरा उपदेश सुरू होतो. अठराव्या अध्यायात सगळे सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात काय, तर याचा नीट विचार कर आणि तुला योग्य वाटेल तसे कर. लेकीच्या शास्त्रातही हे तत्त्व पायाभूत आहे. निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायचा. आपण त्याला विचार करण्याइतके बळ द्यायचे. आपल्या मुक्ताईने काय केले? ज्ञानोबा माउली लोकांच्या बोलण्याने दुखावून ताटी लावून आत बसले, तेव्हा तिने ताटी मोडली नाही. बाहेर उभी राहून विनवीत राहिली. ताटी उघडायची ती आतल्यानेच.

लेकीकडे राहताना आणखी एक गोष्ट जाणवली. पाच महिन्यांत तिच्याकडे येणाऱ्या एकाही माणसाचे नाव, गाव, दुःख मला कळले नाही. चेहरा उतरलेला दिसला म्हणून एकदा विचारले, तर म्हणाली, “अण्णा, दिवस जड गेला. याहून जास्त नाही सांगता येणार.” कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलाचा छळ होत असेल, तर गुप्ततेचा नियम बाजूला ठेवावा लागतो. एरवी ऐकलेले पोटात ठेवायचे. गावात दुःख सांगितले की ते दुसऱ्या दिवशी पारावर पोहोचते, म्हणून कितीतरी लोक कुढत राहतात. तेव्हा हा नियम मला व्रतासारखा वाटला.

एकदा मी थट्टेने म्हटले, “मग आता माझंही ऐक. तुझी आई गेल्यापासून घर खायला उठतं.” ती लगेच म्हणाली, “आपल्या माणसावर उपचार करायचे नाहीत असा आमचा नियम आहे अण्णा. तुमचं मी लेक म्हणून ऐकेन.” आणि चहाचे भांडे गॅसवरून उतरवून समोर येऊन बसली. त्या दुपारी मी किती बोललो ते मलाच ठाऊक नाही. तिने एकही दाखला दिला नाही, एकही उपदेश केला नाही. मला हलके वाटले.

परदेशात तिचे काम का गरजेचे आहे, हे मी तिथल्या बागेत बसून पाहिले. मुलांकडे राहायला आलेले आपले म्हातारे-म्हाताऱ्या बाकावर बसलेले असतात. इंग्रजी येत नाही, गाडी चालवता येत नाही, नातवंडे त्यांच्या भाषेत बोलतात. तिथे मन किती उदास आहे हे मोजण्यासाठी नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा वाटले, ते किती वेळा वाटले, असे प्रश्न. आपली आजी त्यावर काय सांगणार? ती म्हणते, “कशात जीव रमत नाही. काळीज हललंय. डोकं भणभणतं.” हे कागदावर कुठे लिहायचे? ‘काळीज हललंय’ म्हणजे काय हे ज्याला आईच्या तोंडून कळले आहे, असे माणूस तिथे हवे. लेक म्हणते, “अण्णा, मला तुमच्या कीर्तनातली मराठी इथे उपयोगी पडते.” माझ्या पंचेचाळीस वर्षांना मिळालेली ही बिदागी मी जपून ठेवली आहे.

आता तिसरा प्रश्न, पैशाचा. आपल्या संप्रदायात कथेचा विक्रय निषिद्ध आहे. मग दुःख ऐकण्याचे मोल घ्यावे का? मी लेकीला सरळ विचारले. तिने सांगितले की तिच्यासारखी पुष्कळ मंडळी रुग्णालयात, शाळेत, सार्वजनिक केंद्रात पगारावर काम करतात. गरिबांचा खर्च सरकारी विम्यातून होतो. काही जण स्वतंत्र व्यवसाय करून तासाप्रमाणे शुल्क घेतात. यावर मी पुष्कळ विचार केला. कीर्तन हरीचे आहे, ते माझे नव्हेच, मग विकणार काय? पण वैद्य आपल्या विद्येवर चरितार्थ चालवतो, त्याला आपण दोष देत नाही. शिवाय ज्याने रीतसर शुल्क दिले तो ऐकणाऱ्याचा मिंधा राहत नाही. पुन्हा भेटल्यावर त्याला मान खाली घालावी लागत नाही. एवढे मला पटले. मात्र ज्याच्याजवळ द्यायला काहीच नाही त्याच्यासाठीही दार उघडे राहिले पाहिजे, हे मी लेकीला बजावले आहे. या अटीवर माझ्या मनातला वाद मिटला. मेहुण्यांचा अजून मिटलेला नाही, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

हे सारे परदेशाचे कौतुक म्हणून सांगत नाही. आपल्या मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था १९३६ सालीच उभी राहिली, आणि १९४६ साली जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. आजही आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी असते. नातेवाइकांना घेऊन गेलात तर त्या दारात अवश्य जा. पैशाची मदत, कागदपत्रे, धीर, तिथे वाट सापडते. मनाच्या त्रासासाठी सरकारने २०२२ साली टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येते. फडावरच्या, दिंडीतल्या प्रत्येक चोपदाराजवळ आणि विणेकऱ्याजवळ हा क्रमांक असावा, असे मला वाटते.

माझ्या तरुण कीर्तनकार बंधूंना, आणि आता गादीवर उभ्या राहणाऱ्या भगिनींनाही, एक विनंती. कीर्तन संपले, आरती झाली, बुक्का लागला की लगेच गाडीत बसू नका. कुणीतरी मंडपाच्या खांबाला टेकून उभे असते. त्याच्याजवळ दहा मिनिटे बसा. उपदेश नंतर करा, आधी ऐका. आणि ऐकल्यावर हे दुःख आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे वाटले, तर ते ज्याला पेलते त्याच्या दारापर्यंत सोबत जा. लोकांनी आपले ऐकावे म्हणून आपण गळा कमावतो. लोकांचे ऐकता यावे म्हणून कानही कमवावे लागतात.

लेकीची पदवी पुरी व्हायला अजून वर्ष-दीड वर्ष आहे, परवान्याला त्याहून जास्त. तोवर हा देह राहील न राहील. कटेवर कर ठेवून अठ्ठावीस युगे उभा असलेला तो सावळा भक्तांचे ऐकतच उभा आहे. त्याच्या त्या ऐकण्यातला कणभर वाटा माझ्या लेकीला आणि आपणां सर्वांना मिळो, एवढेच त्याच्या चरणी मागणे.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!