गुळाची वेळ

डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून सळईवरचा गूळ तांबूस झालाय की काळा पडतोय, हे रात्री बल्बखाली मला दिसेनासं झालं. म्हणून यंदा शेगडीवर भाचा उभा राहतो आणि मी मागे खुर्ची टाकून बसतो.

तो गोव्यात हॉटेलात कामाला होता. येताना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चोरिसांची, म्हणजे तिथल्या पोर्कच्या सॉसेजची, माळ घेऊन आला आणि पैनगंगेच्या झिंग्यांसोबत एकाच सळईत ओवली. व्हिनेगर-मिरचीचा आंबट तिखटपणा आणि वरून गूळ! हे मला आधी का सुचलं नाही, म्हणून त्याचा हेवा वाटला.

पण गोची तिथेच आहे. चोरिसाला चरबी सुटेपर्यंत आच लागते. झिंगा दोन-तीन मिनिटांत वळतो, पुढे चिवट होतो. सळया वेगळ्या करणं सोपं, पण मग चोरिसाची चरबी झिंग्याला मिळत नाही. आम्ही चोरीस आधी अर्धवट शेकून घेतो. तरी गुळाचा प्रश्न उरतोच. साखर १६० अंशांच्या आसपास रंग धरते, गुळात मात्र फळांतली साखरही असते, ती ११० लाच रंग धरू लागते. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून जाळ उठला की सगळं कडू.

शहरात हल्ली चौकाचौकात ग्रिल लागलेत. गॅसवर भाजतात, लाल रंग आणि बाटलीतला सॉस सुरुवातीलाच फासतात. त्याला मी भाजणं म्हणत नाही. सागाच्या जिल्ह्यात राहतो, पण माझ्या शेगडीत बाभळीचाच कोळसा असतो.

"मामाजी, आता लावू काय?"

"थांब बे."

गूळ लावला की आधी मोठे, पाणचट बुडबुडे येतात, चुरचुर मोठी असते. पाणी आटलं की बुडबुडे बारीक होतात आणि आवाज अचानक बसतो. त्याच क्षणी सळई उचलायची. डोळे गेल्यावर मला हे ऐकू यायला लागलं.

परवा एक जुनं गिऱ्हाईक भाच्याला म्हणालं, "चव तशीच हाय." ते कौतुक मी मनातल्या मनात माझ्या नावावर मांडून घेतलं.

नेमकं कसं कळतं, असं भाचा रोज विचारतो. मी सांगतो, वासावरून. आवाजाचं अजून त्याला सांगितलेलं नाही. तेवढं माझ्याजवळ राहावं असं वाटतं.