पांढरीच्या पोटातले तगर

पावसाळा तोंडावर आला की मराठवाड्यातल्या जुन्या घरांची माळवदे शाकारायची असतात. लाकडी तुळयांच्या छतावर पांढऱ्या मातीचा नवा थर चोपून बसवला की पाणी आत झिरपत नाही. ही माती आणायची कुठून? गावाशेजारच्या टेकाडातून. टोपल्या, पाट्या, बैलगाड्या भरभरून माती न्यायची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. ही माती शेतात टाकली तर पीकही जोमदार येते. त्यामुळे टेकाड दरवर्षी थोडे खचते. त्याची कुणाला खंत वाटत नाही. माती ती माती!

पण ती साधी माती नसते. वस्तीची जमीन ती पांढरी आणि पिकाची ती काळी, हा आपल्या खेड्यांतला फार जुना भेद. पांढरी पांढरी होते ती माणसांमुळे. चुलीतली राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडे, फुटकी गाडगी हे सारे शतकानुशतके एकावर एक साचत जाते आणि त्याचे टेकाड बनते. पीक जोमदार येते तेही याच राखेमुळे आणि हाडांमुळे. म्हणजे शेतकरी शेतात टाकतो ते पूर्वजांचे घरदारच.

धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गाव अशाच टेकाडांच्या सोबतीने तेरणा नदीकाठी वसलेले आहे. वारकऱ्यांना ते ठाऊक आहे गोरोबाकाकांमुळे. संत गोरा कुंभारांची समाधी इथलीच. थापटणे हाती घेऊन कच्चे मडके कोणते नि पक्के कोणते, हे पारखणाऱ्या गोरोबांची कथा घरोघरी सांगितली जाते. पण गोरोबांच्या बारा-तेराशे वर्षे आधीही या गावात कुंभाराचे चाक फिरत होते, आणि इथला माल थेट समुद्रापार जात होता, हे कितीजणांना माहीत असते?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचे मोठे शहर, असे त्यात म्हटले आहे. तगरहून जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. कोकणचे शिलाहार राजे तर ‘तगरपुरवराधीश्वर’ अशी पदवी अभिमानाने मिरवीत.

एवढे मोठे शहर, पण ते होते कुठे? एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी यावर पुष्कळ शाई खर्च केली. कुणी देवगिरी म्हणाले, कुणी जुन्नर, कुणी धारूर. अखेर 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे दाखवून दिले. कोडे सुटले ते विद्वानांचे. तेरच्या लोकांना मात्र जमिनीतून काहीबाही निघते हे आधीपासून दिसतच असणार. जोराचा पाऊस पडून गेला की मातीतून मणी डोकावायचे, नांगराच्या फाळाला नाणे लागायचे. पोरांच्या खेळात दोन दिवस जायचे आणि हरवायचे.

ते हरवू न देणारा एक माणूस गावात निघाला. रामलिंगप्पा लामतुरे. पुरातत्त्वाची पदवी नाही, पाठीशी संस्था नाही. लोकांना जे खापरांचे तुकडे वाटत, ते त्यांनी वेचले, मागून घेतले, सांभाळले. शंखाच्या बांगड्या, काचेचे आणि अकीकाचे मणी, सातवाहनांची नाणी, रोमन धाटणीचे दिवे, पांढऱ्या मातीच्या साच्यात काढलेल्या देखण्या मूर्ती. घरात अशा वस्तूंचा ढीग वाढत गेला तेव्हा घरच्या माणसांना काय वाटले असेल, याची कल्पना कोणत्याही गृहिणीला करता येईल! पुढे हा संग्रह शासनाकडे आला. आज तेरमध्येच त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे.

तिथे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. अंगभर दागिने ल्यालेली. हिच्याशी साम्य असलेली एक मूर्ती 1938 साली इटलीतल्या पाँपेईत सापडली. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरातली. तेरणाकाठचे गाव आणि भूमध्य समुद्राकाठचे शहर यांना जोडणारा हा धागा एका गावकऱ्याच्या चिकाटीने आपल्या हाती राहिला.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वेचलेली वस्तू वाचते, पण तिची अर्धी गोष्ट मातीतच राहते. ती किती खोल होती, शेजारी काय होते, चुलीजवळ होती की उंबऱ्याखाली, हे पुन्हा कळत नाही. 1958 साली बा. ना. चापेकर यांनी तेरला शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्यात थर न्‌ थर नोंदवला गेला, तो याचसाठी.

थराची किंमत किती, ते पुणे जिल्ह्यातल्या इनामगावने दाखवले. घोड नदीकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी 1968 पासून वर्षानुवर्षे खोदकाम केले. तीन हजार वर्षांहून जुन्या एका घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली, कच्च्या मातीची एक डबी मिळाली. आत एक बिनडोक्याची स्त्रीमूर्ती. झाकणावर तशीच दुसरी आणि शेजारी मातीचा बैल. बैलाच्या पाठीला आणि मूर्तीच्या पोटाला भोक. काडी घातली की मूर्ती बैलावर नीट बसते! हीच मूर्ती एखाद्या पोराने एकटीच वेचून आणली असती, तर मोडके खेळणे म्हणून फेकली गेली असती. घरात कुणी देवी पुरून ठेवली होती, हे कधीच समजले नसते.

याउलट दायमाबादचे झाले. नगर जिल्ह्यातल्या या गावी 1974 मध्ये झाडाची मुळे खणताना रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा असे काशाचे चार भारदस्त पुतळे सापडले. चौघांचे वजन साठ किलोंवर. इतकी अपूर्व वस्तू, पण संशोधकांच्या समोर थरातून न निघाल्याने ती नेमकी कोणत्या काळातली यावर वाद आजही मिटलेला नाही.

सापडले तर सांगायचे कुणाला? 1878 सालचा निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचा जमिनीतला ठेवा मिळाला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. दहा रुपये! कायदा जुना, पण कायम आहे. लोक मात्र कळवायला बिचकतात. जमीन सरकार घेईल, कोर्टकचेऱ्या मागे लागतील, ही भीती. मग मूर्ती परत पुरली जाते, नाणे सोनाराकडे जाते, वीरगळाचा दगड धुणे धुवायला लागतो. अशा माणसाला नुसता दंडाचा धाक घालून भागणार नाही. वस्तू घेऊन आलेल्याला आधी खुर्ची द्यावी, चहा विचारावा, तिचे काय झाले ते नंतर कळवावे. एवढे झाले तरी पुष्कळ नाणी सोनाराच्या मुशीतून वाचतील.

आता माळवदे कमी झाली, त्यांच्या जागी स्लॅब आले. पण टेकाडांना उसंत नाही. टोपलीने वर्षभरात जेवढी माती जायची, तेवढी यंत्राचा एक पंजा सकाळभरात उचलतो. टोपली भरणाऱ्या बाईच्या हाताला मणी लागायचा, ती थांबून पदराला पुसून बघायची. यंत्राच्या पंजाला काहीच लागत नाही.

तेरला पाऊस अजून पडतो. संग्रहालयाच्या कपाटात अकीकाचे लालसर मणी मांडलेले आहेत, कुणा पोराच्या मुठीत मावतील एवढेच.