अर्धी वाट

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी धावू लागले. त्याला आता बरीच वर्षे झाली. व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांखाली पहाटे फेऱ्या मारणाऱ्या ओळखीच्या बायका प्रथम थांबून विचारीत, “काय हो, घाईचं काही काम निघालं का?” पुढे त्यांनी विचारणे सोडले आणि मी धावणे सोडले नाही.

बेळगावला या बाबतीत वारसा मोठा आहे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे मॅरेथॉन धावलेले फडेप्पा दरेप्पा चौगुले हे इथलेच. त्या वर्षीची शर्यत ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्या ४२.१९५ हूनही थोडी लांब. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. मी ही हकीकत घरी सांगितली, तेव्हा आमचे हे वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, “तुझाही पहिल्या एकोणिसांत नंबर येईल. फक्त धावणारे वीसच असायला हवेत.”

थट्टा करीत, पण प्रत्येक शर्यतीला बरोबर येत. त्यांना गुडघ्यांमुळे धावता येत नाही. पिशवीत टॉवेल, कोरडे कपडे, माझा चष्मा नि फोन आणि सोलकढीची बाटली घेऊन ते शेवटच्या रेषेपाशी उभे राहत. मी आले की घड्याळ पाहून वेळ सांगत. त्या उभे राहण्याचा मी कधी विचार केला नव्हता. तो २०२४ च्या उन्हाळ्याने करायला लावला.

त्या वर्षी मी छप्पन्नची होते. मार्चमध्ये गावातच दहा किलोमीटरची शर्यत झाली. ती मी एक तास बारा मिनिटांत पुरी केली आणि मनात मोह शिरला. एप्रिलअखेर गोव्यात अर्धमॅरेथॉन होती, एकवीस किलोमीटरची. पावणेतीन तासांच्या आत ती पुरी करायचीच, असे ठरवून बसले. मुलगी आणि आठ वर्षांचा नातू सुटीसाठी आले होते. सगळेच निघालो. चोर्ल्याच्या घाटातून उतरताना नातवाने विचारले, “आजी, तू बक्षीस आणणार?” मी म्हटले, “वेळ आणणार.”

पहाटे साडेपाचला मांडवीच्या काठाने धावू लागलो. पहिले दहा किलोमीटर ठरवल्याप्रमाणे गेले. मात्र घाम नुसता ओघळत होता, वाळत नव्हता. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर. तिथल्या कोरड्या वाऱ्यात घाम उडून जातो आणि अंग निवते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो उडतच नाही. पाणी जाते, उष्णता मात्र आतच राहते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण मनगटावरच्या घड्याळात मी वेळ पाहत होते आणि शरीराचे ऐकत नव्हते. पंधराव्या किलोमीटरला उन्हातही अंगावर काटा आला. तीच थांबण्याची खूण होती. मी आणखी दोन किलोमीटर गेले. पुढचे आठवते ते एवढेच, की रस्ता एका बाजूला कलला.

मागून येणाऱ्या एका तरुणाने स्वतःची शर्यत सोडली. मला सावलीत आडवे केले, पाय उंच ठेवले, मानेवर आणि काखेत ओली फडकी धरली. शुद्धीवर आल्यावर घोटघोट मीठसाखरेचे पाणी पाजले. नाव न सांगताच तो पुढे गेला. स्वयंसेवकांच्या गाडीतून मी पोहोचले, तेव्हा सव्वातीन तास उलटून गेले होते.

हे तिथेच उभे होते, टॉवेल छातीशी धरून. मला गाडीतून उतरताना पाहिले आणि काहीच बोलले नाहीत. घड्याळही पाहिले नाही. मुलगी पुढे धावली. यांनी सोलकढीच्या बाटलीचे झाकण उघडायला घेतले. ते त्यांच्याने उघडेना.

परतीच्या वाटेवर सगळे गप्प होते. डॉक्टरांनी तपासून सांगितले, इजा काही नाही. पण नव्या हवेची शरीराला सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, ते तुम्ही दोन रात्रीतही दिले नाहीत. त्या रात्री हे अंधारातच म्हणाले, “अगं, तू धावत असतेस, तुला काहीतरी करायला असतं. मला नुसतं उभं राहायचं असतं. एकेक जण येतो, आणि ती तू नसतेस.” मला उत्तर सुचले नाही.

मे महिना मी शर्यतीविना घालवला. एके दिवशी जांबोटीच्या वाटेने गेलो. हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रात उतरून मारुतीचे दर्शन घेतले. पाणी घोट्याएवढे होते. पावसाळ्यात हाच देव पाण्याखाली जातो, हे नातवाला काही केल्या पटेना. करवंदांच्या जाळीत हात ओरबाडून घेऊन तो जांभळ्या ओठांनी परतला. दुसऱ्या रविवारी राजहंसगडावर चढलो. हे चढाला दर वळणावर थांबत, आणि मी त्यांच्याबरोबर थांबे. इतक्या वर्षांत प्रथमच वाट पाहण्याचे काम माझ्याकडे आले होते. ते सोपे नव्हते. चार पावले पुढे जाऊन यावे, असे पायांना सारखे वाटे.

मृग लागल्यावरच्या पहिल्या रविवारी गावात पुन्हा दहा किलोमीटरची शर्यत होती. नाव घालू का, असे मी यांना विचारले. आधी कधीच विचारले नव्हते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “घाल. पण मी शेवटी उभा राहणार नाही. मध्येच राहीन, पाचव्या किलोमीटरला. म्हणजे अर्धीच वाट पाहावी लागेल.”

त्या पहाटे भुरभूर पाऊस होता. पाचव्या किलोमीटरच्या वळणावर दोन छत्र्या दिसल्या, एक मोठी, एक लहान. मी थांबले. दोन घोट सोलकढी घेतली. नातू ओरडला, “आजी, थांबू नकोस, वेळ जातोय!” यांनी घड्याळ पाहिले नाही. माझ्या कपाळावरचे पाणी पुसले आणि म्हणाले, “जा आता. सावकाश ये.”

शेवटच्या रेषेवर पोहोचले तेव्हा घड्याळ एक तास पंचवीस मिनिटे दाखवीत होते. माझे कुणी तिथे नव्हते. पाच मिनिटे मीच तिथे उभी राहिले, आणि पावसात रिक्षातून उतरणाऱ्या त्या दोन छत्र्यांची वाट पाहिली.