फोटोत राहिलेले पाय

आमच्या वस्तीतील विहारातर्फे दरवर्षी सहल निघते. गेल्या हिवाळ्यात अजिंठा ठरले. पेशाने कारकून, म्हणून वर्गणीचा हिशेब आमच्याच गळ्यात पडला. सोमवारी लेणी बंद असतात हे महिला मंडळाच्या ताईंनी वेळीच सांगितले, नाहीतर आम्ही नेमका सोमवारच धरला होता.

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा सुमारे १०० किलोमीटर. फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी सोडायची आणि पुढचे ४ किलोमीटर एस.टी.च्या बसने जायचे. पायऱ्या चढून गेले की वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखा कडा आणि त्यात ओळीने कोरलेली लेणी. पूर्वी सहलीत एकाकडेच कॅमेरा असे आणि ३६ फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरला जाई. आता मुलाबाळांपासून सर्वांच्या हातात मोबाईल. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून येथील चित्रांच्या नकला काढल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण मधल्या काळात तो फोटोही काढायला लागला होता, आणि १८६४ साली त्या फोटोंचे पुस्तक निघाले.

फोटोंच्या बाबतीत आमच्या मनात एक जुनी सल आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याने मित्राचा कॅमेरा मागून आणला आणि घरातल्या सर्वांचे फोटो काढले. अल्बम आमच्या हातात दिला तेव्हा घरी पाहुणे होते. आमच्या आईच्या फोटोत डोक्यावरचा पदर वरून कापला गेला होता. आम्ही म्हणालो, “डोकी उडवायचा धंदा काढलास काय रे?” सगळे हसले. तोही हसला. त्यानंतर त्याने कॅमेऱ्याला हात लावलेला आम्ही पाहिला नाही. पुढच्याच वर्षी आई गेली. भिंतीवर आज तोच फोटो आहे, कारण दुसरा नाही.

तर, २६ व्या लेण्यात डाव्या बाजूला महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. लांबी सुमारे ७ मीटर. समोर खांबांची रांग, मागे सरकायला जागा नाही, फ्लॅशला बंदी. जो तो वाकून, बसून, खांबाआडून प्रयत्न करीत होता. आम्हीही चार-पाच फोटो घेतले.

दुपारी नदीकडच्या उतारावर झाडाखाली सगळे टेकलो आणि मोबाईल एकमेकांच्या हातात फिरू लागले. ‘लय भारी’ आणि ‘कसला काढलाय’ यापलीकडे कोणी बोलेना. तेव्हा ताई म्हणाल्या, “याच विहारांत भिक्खू वर्षावासाला राहायचे. वर्षावास संपताना पवारणा असते. भिक्खू स्वतःहून संघाला विनंती करतो की माझे काही चुकलेले पाहिले असेल तर सांगा. आपणही ज्याने विचारले त्यालाच सांगू या. त्याने आधी सांगायचे, काय काढायचे होते.”

पहिला नंबर एका नव्या नवरदेवाचा. लेण्याच्या दारात बायकोला उभे करून त्याने आतून फोटो घेतला होता. एकजण म्हणाला, “वहिनी काळ्या आल्या.” हशा पिकला. ती बिचारी खाली बघू लागली. ताईंनी तिथेच थांबवले. “त्या काळ्या आल्या नाहीत. उजेड पाठीमागे आहे, म्हणून चेहरा अंधारात गेला. पडद्यावर चेहऱ्याला बोट लाव, मोबाईल तिथला उजेड धरतो. नाहीतर तू बाहेर जा आणि त्यांना आत तोंड करू देऊ नकोस.” नवरदेव लगेच उठून दारापर्यंत जाऊन आला.

पहिल्या लेण्यातील चित्रांचे फोटो बहुतेकांचे हलले होते. अंधारात मोबाईल उजेड गोळा करायला वेळ घेतो, तेवढ्यात हात हलतो. कोपरे छातीशी घट्ट धरा, श्वास रोखा, पण खांबाला टेकू नका, असे ठरले.

नववीतल्या एका मुलीने २६ व्या लेण्यातला फोटो दाखवला. त्यात तथागतांचा चेहराच नव्हता. आसनाखाली कोरलेले, शोक करीत बसलेले अनुयायी तेवढे होते. एक वयोवृद्ध बाबा म्हणाले, “पोरी, भगवंतच राहिले की!”

“बाबा, मला तेच काढायचे होते. आजोबा गेले तेव्हा आमच्याकडे सगळे असेच बसले होते.”

बाबांनी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला, बराच वेळ. मग म्हणाले, “मग खांबाचा हा तुकडा कशाला घेतलास? पाऊलभर सरकायचे होतेस.” तिने मान हलवली.

आमची पाळी आली. आम्ही म्हणालो, संपूर्ण मूर्ती घ्यायची होती. तीच मुलगी म्हणाली, “काका, पाय राहिले.” जागा अरुंद, गर्दी, मागून धक्के, सगळे ओठांवर आले होते. ताई आमच्याकडे बघत होत्या. आम्ही गप्प बसलो. “समोरून मावणारच नाही,” मुलगी म्हणाली, “पायांकडून लांबीने घ्या.”

तिला घेऊन आम्ही पुन्हा चढून गेलो. पावले जवळ आणि मोठी, दूर चेहरा, मधे सगळी देहाची रेषा. मूर्ती मावली.

रात्री परतीच्या गाडीत तो फोटो पुतण्याला पाठवला आणि खाली लिहिले, “काय चुकले ते सांग.” सिल्लोड गेल्यावर उत्तर आले. “काका, डोक्याच्या वर थोडी जागा सोडायची. आजीच्या वेळी मीही हेच विसरलो होतो.”