डेट्रॉईट, पंचवीसपट लहान!

ट्रॉय म्हटलं की काय आठवतं? लाकडी घोडा आणि ब्रॅड पिट! पण पुण्यातल्या एखाद्या ऑटो इंजिनीअरला विचारून बघा. त्याच्यासाठी ट्रॉय म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगनमधलं, डेट्रॉईटच्या उत्तरेचं एक टापटीप उपनगर. ऑनसाइट, कडाक्याची थंडी, क्लायंटच्या मीटिंगा आणि वीकएण्डला समरसेट कलेक्शन मॉलमध्ये विंडो शॉपिंग. बस्स, संपलं ट्रॉय!

थांबा, एवढ्यात संपत नाही. साठच्या दशकात याच ट्रॉयचा पत्ता अमेरिकेतल्या घराघरांत, पोरांच्या पलंगाखालच्या खोक्यांवर छापलेला असायचा. खोक्यावर झकास रंगीत गाडी, आत प्लास्टिकचे सुटे भाग. कंपनीचं नाव एएमटी. काम काय, तर डेट्रॉईटच्या गाड्या पंचवीसपट लहान करून विकणं. जोडायची मात्र आपली आपण!

आधी खेळणं, मग गाडी

एएमटीची सुरुवात १९४८ची. नावाचा अर्थ ‘अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉईज’, म्हणजे सुरुवात धातूच्या गाड्यांपासून. पण लवकरच प्लास्टिक आलं. तेव्हा या गाड्या खेळण्यांच्या दुकानासाठी नव्हत्याच मुळी. त्या असायच्या गाड्यांच्या शोरूमसाठी. नवीन मॉडेल बाजारात आलं की त्याची हुबेहूब छोटी प्रतिकृती डीलरच्या काउंटरवर हजर, तीही कंपनीच्या खऱ्या रंगात! बाबा टेस्ट ड्राइव्हला आले की पोराच्या हातात ही गाडी. मार्केटिंगचा फंडा साधा होता. पोरगं घरी जाऊन हट्ट करणार आणि बाबा पुन्हा शोरूममध्ये येणार!

मग १९५८ मध्ये एएमटीनं तीच गाडी सुट्या भागांत, खोक्यात घालून विकायला काढली. खरी गंमत पुढेच होती. खोकं एक, गाड्या तीन. हवी तर कंपनीतून येते तशी साधी बनवा, हवी तर रेसची, नाहीतर कस्टम, म्हणजे पूर्णपणे तुमच्या डोक्यातली! जास्तीचे बंपर, वेगळी चाकं, वेगळ्या जाळ्या सगळं आतच. ठरवायचं तुम्ही.

क्रेझ अशी वाढली की डेट्रॉईटच्या आसपास या छोट्या गाड्यांचीही इंडस्ट्री उभी राहिली. ट्रॉयला एएमटी, खुद्द डेट्रॉईटमध्ये जो-हान, माउंट क्लेमेन्सला एमपीसी. तासाभराच्या ड्राइव्हमध्ये तिन्ही गावं! खऱ्या गाड्यांचे कारखाने शेजारी होते, मग खोट्या गाड्यांचे लांब कशाला असतील?

लांबी भरा, पॉलिश पेपर मारा

ट्रॉयहून गाडी काढा आणि वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूला लागा. हा डेट्रॉईटचा लक्ष्मी रोड आणि मरीन ड्राइव्ह, दोन्ही एकदम. १९०९ मध्ये याच रस्त्याच्या एका मैलावर अमेरिकेतला पहिला काँक्रीटचा हायवे झाला. साठच्या दशकात पोरं रात्री इथे गाड्या पळवायची. १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’ भरते. जुन्या गाड्यांची अक्षरशः जत्रा! पॉन्टियाक, ओल्ड्समोबिल, प्लिमथ... यातले कितीतरी ब्रँड आज बंद पडलेत. प्लिमथ २००१ला, ओल्ड्समोबिल २००४ला, पॉन्टियाक २०१०ला.

प्लिमथ हे नाव आपल्यालाही परकं नाही बरं का! वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जोडल्या. तिकडून सुटे भाग यायचे, इकडे गाडी उभी राहायची. म्हणजे कुर्ल्यालाही एका अर्थानं किटच येत होतं. फक्त जरा मोठं!

वुडवर्डवर जाणाऱ्या गाड्या नीट बघितल्या की कस्टम म्हणजे काय ते कळतं. कुणाचं छप्पर कापून बुटकं केलेलं, कुणाचे दिवे बॉडीत आत बसवलेले, कुणाच्या बॉनेटवर ज्वाळा रंगवलेल्या. किट बनवणारा हेच सगळं टेबलावर करतो. छपराचे खांब बारीक करवतीनं कापायचे, दोन मिलिमीटर कमी करून पुन्हा चिकटवायचे, फटीत लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर, मग रंगाचे पातळ पातळ हात. आपल्या कोपऱ्यावरचा डेंटिंग-पेंटिंगवाला करतो तेच, फक्त हातात चिमटा आणि टूथपिक. घाई केली की रंग ओघळलाच म्हणून समजा. शिकायचा असेल तर पेशन्सचा यापेक्षा स्वस्त कोर्स नाही!

आणि साइजचं म्हणाल, तर १९५९ची कॅडिलॅक घ्या. मागे शार्क माशासारखे उंच पंख असलेली ती. लांबी जवळपास पावणेसहा मीटर, म्हणजे पावणेदोन मारुती ८००! टेबलावर तीच गाडी साधारण २३ सेंटिमीटर होते. कीबोर्डच्या बाजूला आरामात बसेल.

दरवाजा नसलेला डॉज

वुडवर्डनं थेट खाली उतरलात की नदीकाठचं डाउनटाउन येतं. इथल्या कन्व्हेन्शन सेंटरला आता हंटिंग्टन प्लेस म्हणतात, जुने लोक अजून कोबो हॉल म्हणतात. १९६७ मध्ये डेट्रॉईटच्या ऑटोरामा प्रदर्शनात इथे एका गाडीनं रिडलर अ‍ॅवॉर्ड पटकावलं. नाव डिओरा. डिझाइन हॅरी ब्रॅडलीचं, बांधणी डेट्रॉईटच्याच अलेक्झांडर बंधूंची. मूळ गाडी म्हणजे डॉजचा साधा पिकअप टेम्पो. त्याला बाजूचे दरवाजेच ठेवले नाहीत. समोरची काच वर उचलायची आणि पुढून आत शिरायचं! भन्नाट ना? एएमटीनं लगोलग तिचं किट काढलं आणि १९६८ मध्ये हॉट व्हील्सच्या पहिल्यावहिल्या सोळा गाड्यांतही ती झळकली. खरी डिओरा जगात एकच. छोट्या डिओरा किती झाल्या ते मोजत बसू नका.

छंदातून करिअर? तेही झालंय. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागानं १९३० ते १९६८ या काळात किशोरवयीन मुलग्यांसाठी मॉडेल बनवण्याची स्पर्धा घेतली. विजेत्यांना कॉलेजसाठी स्कॉलरशिप. इथे किट मिळत नसे, स्वतःच्या डिझाइनची गाडी स्वतःच घडवायची. १९४७चा एक विजेता होता चक जॉर्डन. पुढे १९८६ मध्ये तो जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा व्हाइस प्रेसिडेंट झाला!

शहर विसरतं, टेबल नाही

आता थोडं सीरियस. १९५० मध्ये डेट्रॉईटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०२० मध्ये साधारण ६ लाख ३९ हजार. २०१३ मध्ये तर महापालिकेनंच दिवाळखोरी जाहीर केली. पॅकार्ड गाड्यांचा अजस्र कारखाना कित्येक दशकं भग्नावस्थेत होता. २०२२ मध्ये त्यावर हातोडा पडायला सुरुवात झाली.

टाकून देणं ही या शहराची जुनीच सवय. दरवर्षी नवं मॉडेल हा डेट्रॉईटचा धंदाच होता. गंमत म्हणजे छोट्या गाड्यांचंही तसंच झालं. नव्या वर्षाची गाडी आली की किटचा जुना स्टीलचा साचा बदलून त्यातूनच नवी काढायची. जुना साचा गेला, की ते किट पुन्हा काढणं अशक्य! म्हणून साठच्या दशकातली काही न उघडलेली खोकी कलेक्टर जिवापाड जपतात. आणि म्हणूनच हौशी मंडळी जुन्या बॉडीवरून रेझिनमध्ये नव्या ओततात, अलीकडे थ्रीडी प्रिंटही काढतात. कंपनीनं पुसलेलं ते घरी बसून परत आणतात.

याचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण बघायला डिअरबॉर्नला जा, हेन्री फोर्ड म्युझियममध्ये. डाउनटाउनपासून जेमतेम अर्धा तास. तिथे तांबूस रंगाची क्रायस्लर टर्बाइन उभी आहे. जेट इंजिनाच्या तत्त्वावर चालणाऱ्या अशा ५५ गाड्या क्रायस्लरनं १९६३-६४ मध्ये बनवल्या आणि ५० गाड्या आळीपाळीनं दोनशेहून अधिक कुटुंबांना वापरायला दिल्या. प्रयोग संपला आणि कंपनीनं ४६ गाड्या नष्ट केल्या. उरल्या फक्त नऊ. पण जो-हाननं तिचं किट काढलं होतं, इंजिनाच्या बारकाव्यांसकट. त्यामुळे जी गाडी एका वेळी पन्नासेक लोकांच्याच दारात उभी राहू शकत होती, ती आजही कितीतरी कपाटांत उभी आहे.

आणि शहर? तेही आता लांबी भरतंय! १९८८ पासून ओसाड पडलेलं मिशिगन सेंट्रल स्टेशन फोर्डनं २०१८ मध्ये विकत घेतलं आणि २०२४ मध्ये ते झळाळून पुन्हा उघडलं. साचा जुना, गाडी नवी. किटवाल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा पुढच्या ऑनसाइटला एक रविवार मॉलमधून वाचवा. हॉबी शॉपमध्ये शिरा आणि एक खोकं उचला. एएमटीचं नाव आजही खोक्यांवर दिसतं, मालकी आता इंडियानातल्या साउथ बेंडच्या राउंड टू कंपनीकडे आहे. रंगाचे स्प्रे कॅन आणि ग्लू मात्र तिकडून आणू नका, विमानात चालत नाहीत. ते इथेच घ्या.

ऑफिसात केलेलं काम पुढच्या व्हर्जनमध्ये डिलीट होतं, हे तुम्हा-आम्हाला चांगलंच ठाऊक आहे. ही तेवीस सेंटिमीटरची कॅडिलॅक मात्र कुणी अपग्रेड करायला येणार नाही. रंग कुठला द्यायचा, एवढं ठरवा!