चौकातल्या शौचालयाची किल्ली

९ नोव्हेंबर २०२३, गुरुवार

या आठवड्यात इथे इंग्लंडात आमच्या सॉमरसेट कौन्सिलने आर्थिक आणीबाणी जाहीर केली. दवाखान्यात चहाच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. सप्टेंबरात बर्मिंगहॅमने हात टेकले तेव्हा ते मोठ्या शहराचं दुखणं वाटलं होतं. आता ते दारात आलं.

चार जिल्हा कौन्सिलं आणि काउंटी मिळून ही एकच मोठी कौन्सिल याच वर्षी १ एप्रिलला झाली. तिच्या पैशाचा मोठा वाटा म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्या देखभालीवर जातो. ती कामं कायद्याने बांधलेली आहेत, टाळता येत नाहीत. मी डिस्ट्रिक्ट नर्स. घरोघरी फिरते, त्या खर्चातला प्रत्येक पौंड कुणाच्या अंथरुणाशी पोचतो ते मला दिसतं. त्यामुळे त्या कौन्सिलला दोष द्यायला जीभ रेटत नाही. पण कायद्याने न बांधलेली कामं आता एकेक करून सुटणार आणि ती आमच्या पदरात पडणार, हे उघड आहे.

आमच्या म्हणजे टाउन कौन्सिलच्या. ही इथली सगळ्यांत खालची पायरी. पॅरिश कौन्सिलनेच ठराव करून स्वतःला टाउन म्हणवून घ्यायचं आणि अध्यक्षाला मेयर म्हणायचं, अशी सोय १९७२च्या कायद्यात आहे. आमच्याकडे बागेतली बाकं, दोन खेळाची मैदानं, अलॉटमेंटचे वाफे, एक सभागृह आणि एक घड्याळ. पगारी माणसं म्हणजे क्लार्कबाई आणि एक मदतनीस. मी या कौन्सिलवर वसंतात आले. जागा रिकामी होती, नोटीस लागली, निवडणूक मागायला चौदा दिवसांत दहा मतदार पुढे यावे लागतात, ते आले नाहीत, म्हणून कौन्सिलने मलाच घेतलं. माझा पासपोर्ट अजून भारताचा आहे, पण कॉमनवेल्थमधल्या माणसाला इथे मत देता येतं आणि उभंही राहता येतं. सही करताना वडिलांची, अण्णांची आठवण झाली. साताऱ्याकडच्या तीन गावांत त्यांनी ग्रामसेवक म्हणून हयात घालवली.

१२ नोव्हेंबर, रविवार

आज लक्ष्मीपूजन आणि इथला स्मृतिरविवार एकाच दिवशी आले. सकाळी युद्धस्मारकापाशी जमलो. मेयरनी गळ्यात साखळी घालून लाल पॉपीचं चक्र वाहिलं. अकराला दोन मिनिटं शांतता. एवढ्या माणसांत फक्त कावळे आणि एक तान्हं मूल. दगडावर एकच आडनाव तीनदा कोरलेलं आहे, माझे डोळे दर वेळी तिथेच थांबतात. आमच्याकडे अपशिंग्यातही असाच दगड आहे, पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावकऱ्यांचा. लहानपणी अण्णांच्या सायकलवरून जाताना तो पाहिलेला.

दुसरी गोष्ट नोंदवून ठेवायची आहे. साडेदहाला चौकातल्या शौचालयापुढे रांग होती. पदकं लावलेले, काठी टेकत आलेले वृद्ध. थंडीत अर्धा तास उभं राहायचं तर आधी जाऊन येणं भाग होतं. ते दार बंद असतं तर त्यांच्यातले निम्मे घरीच थांबले असते.

संध्याकाळी खिडकीत पणत्या लावल्या. शेजारीण करंजी घेऊन गेली.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

कौन्सिलची सभा. वरून यादी आली आहे : तुम्हाला काय काय घ्यायला आवडेल, न घेतल्यास काय बंद होण्याचा संभव आहे. चौकातलं शौचालय यादीत दुसरं.

सुरुवातीला लोकांना बोलायला वेळ असतो, प्रत्येकी तीन मिनिटं. आज सहा जण आले आणि चौघे रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलले. रस्ते आमच्याकडे नाहीत. मेयरनी ते शांतपणे सांगितलं, तरी पाचव्यानेही खड्डाच काढला. मला त्याचा राग आला नाही. टायर फुटलेल्या माणसाने कुठला रस्ता कोणत्या कौन्सिलचा हे शोधत का बसावं? जवळ दिसतो तो दरवाजा तो ठोठावणार.

मग शौचालय. क्लार्कबाईंनी कायदा वाचून दाखवला. १९३६च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने कौन्सिलला शौचालय बांधण्याचा अधिकार दिला, कर्तव्य नाही. म्हणजे इंग्लंडात कुठल्याही पायरीवरच्या कौन्सिलने शौचालय ठेवलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. हे ऐकून मी थक्क झाले. याच देशात १८५१च्या क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्जने एका पेनीत लोकांसाठी स्वच्छ शौचालयं उघडली होती. माझे म्हातारे रुग्ण अजूनही ‘पेनी खर्च करून येते’ म्हणत आत जातात.

आमच्यातले सर्वांत जुने सदस्य, शेतकरी, म्हणाले, ‘वरच्यांनी टाकलेलं ओझं आपण उचललं की पुढच्या वर्षी आणखी दोन ओझी येतील.’ खरं आहे. निर्णय जानेवारीवर ढकलला.

५ डिसेंबर, मंगळवार

पायाच्या जखमेची पट्टी बदलायला एका आजींकडे गेले. दोन्ही घोटे सुजून तट्ट. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. ‘पाण्याची गोळी घेताय ना?’ म्हटलं. लघवी वाढवणारी ती गोळी त्या घेतात, पण बाजाराच्या दिवशी नाही. शनिवारीही नाही, कारण बसने मुलीकडे जातात. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, चौकातलं दार मधून मधून बंद असतं, भरवसा वाटत नाही. सकाळचा चहासुद्धा त्या दिवशी अर्धाच कप.

गाडीत बसून किती तरी वेळ किल्ली फिरवली नाही. हृदयासाठी दिलेली गोळी बाजारातल्या दाराच्या भीतीने डबीत पडून राहते, आणि आपण कागदावर लिहितो, रुग्ण औषध नीट घेत नाही. इतकी वर्षं हे काम करते आहे, गोळी का घेतली नाही हे या अंगाने कधी विचारलंच नव्हतं. आज आणखी तिघांना विचारलं. दोघांचं उत्तर तेच. बसड्रायव्हरची, गरोदर बाईची, पोस्टमनची गोष्ट वेगळी नसणार.

१० डिसेंबर, रविवार

अण्णांना फोन. ऐकू कमी येतं, पण ‘ठराव’ हा शब्द कानावर पडला की आवाज खणखणीत होतो.

‘पैका कुठून आणणार?’

‘घरपट्टी वाढवून, अण्णा. आमच्या हिश्शाला प्रीसेप्ट म्हणतात.’

‘आणि वसुली?’

वसुली मोठी कौन्सिल करते, म्हटलं. आम्ही फक्त आकडा कळवायचा. लोकांनी भरो न भरो, आमची पूर्ण रक्कम आम्हाला मिळते. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मार्चअखेरीस दारोदार पावतीपुस्तक घेऊन फिरलेला माणूस तो.

‘मग तुमच्यावर जबाबदारी जास्त गं पोरी,’ म्हणाले. ‘दारात जाऊन पैसे मागावे लागले की माणूस आकडा जपून लावतो. तुम्हाला कुणाचं तोंड बघावं लागत नाही. तर आधी जाऊन बघा.’

मग आपणहून जुन्या दिवसांवर आले. २०००-०१ साली आर. आर. पाटलांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं तेव्हा अण्णा पहाटे कंदील घेऊन गावाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहत. शिव्या खाल्ल्या. एका घरी नव्या संडासात सरपण भरून ठेवलेलं सापडलं. बायका मात्र त्यांच्या बाजूने होत्या. अंधार पडेपर्यंत पोट धरून बसायचं काय असतं ते त्यांना माहीत होतं. माझ्या आईलाही माहीत होतं. हे ती कधी बोलली नाही. आज अण्णा बोलले.

२ जानेवारी २०२४, मंगळवार

हेंक वादळ. दुपारपासून पाऊस, रस्त्याकडेच्या जाळ्या पानांनी तुंबलेल्या. जाळ्या आमच्या नाहीत, तरी क्लार्कबाई, मी आणि दोन सदस्य फावडी घेऊन पानं उपसत होतो. वाळूच्या पिशव्या सभागृहात होत्या, त्या नदीकाठच्या घरांना दिल्या. एका उंबऱ्याला पाणी लागलं आणि तिथेच थांबलं. हात अजून गरम झालेले नाहीत, म्हणून एवढंच.

१३ जानेवारी, शनिवार

अण्णा म्हणाले तसंच केलं. चौकात टेबल मांडलं, फलकावर साधा हिशेब : शौचालय, तीन कचऱ्याचे डबे आणि एक मैदान घेतलं तर करासाठी बँड डीमध्ये मोडणाऱ्या घराला वर्षाला किती जास्त. पॅरिश आणि टाउन कौन्सिलला करवाढीची मर्यादा नाही, वरच्या कौन्सिलला आहे, म्हणून हा आकडा लोकांना दाखवून मगच लावायचा असं माझं म्हणणं होतं आणि क्लार्कबाईंना ते पटलं.

बहुतेकांनी हो म्हटलं. मनात राहिली ती नाही म्हणणारी. विशीतली आई, बाबागाडीत मूल, दुसरं हाताशी. म्हणाली, मला शौचालय हवंय, रोज हवंय. पण भाडं वाढलं, विजेचं बिल वाढलं, दोन्ही कौन्सिलांचे कर वाढणार. तुम्ही सगळे ‘एवढंसंच तर आहे’ म्हणता, आणि ती सगळी एवढंसं माझ्याच खिशातून जातात. तिच्या घराचा बँड कुणीतरी १९९१च्या किमतीवरून ठरवला आहे, तेव्हा ती जन्मलेलीही नव्हती.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. करमाफीचा अर्ज कसा करायचा ते लिहून दिलं. ते उत्तर नव्हे, हे दोघींनाही कळत होतं.

२३ जानेवारी, मंगळवार

ठराव झाला. सात विरुद्ध चार. शेतकरी सदस्यांनी विरोधात हात वर केला आणि तो का केला ते नीट सांगितलं : पैसा वरच्यांचा वाचतो, बिल आपल्या लोकांना येतं, आणि ज्या गावाची कौन्सिल गरीब तिथलं दार बंदच होणार. म्हणजे म्हातारपणी कुठल्या गावात राहता यावर सगळं ठरणार. त्यांचं हे बोलणं मी इतिवृत्तात घालायला लावलं, कारण त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. तरी मी बाजूने मत दिलं. त्या आजींच्या घोट्यांना तत्त्वाचा निकाल लागेपर्यंत थांबता येणार नाही.

बोलताना मी पाण्याच्या गोळीची गोष्ट सांगितली, नाव न घेता. सभागृहात मागे बसलेले एक गृहस्थ उठून म्हणाले, ‘मीसुद्धा.’ एवढंच बोलून बसले. एवढ्या लोकांपुढे ते म्हणायला केवढं धैर्य लागलं असेल!

एक दिलासा : २०२१च्या कायद्याने स्वतंत्र सार्वजनिक शौचालयांवरचा व्यवसायकर काढून टाकला आहे. तो असता तर हिशेब बसलाच नसता.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

जुन्या चर्चचं दफनस्थान आता आमच्याकडे आहे. भरलेलं, बंद झालेलं दफनस्थान तीन महिन्यांची नोटीस देऊन चर्च पॅरिश कौन्सिलकडे सोपवू शकतं, असा कायदा आहे. आज दगड हलवून तपासायचे होते. सैल दगड मुलांवर पडू शकतो म्हणून तो आडवा करतात. एका बाईंनी आपल्या आजीचा दगड झोपवलेला पाहिला आणि रडू लागल्या. क्लार्कबाई त्यांच्याशेजारी ओल्या गवतात बसल्या, अर्धा तास. त्यांच्या पगाराच्या कागदात हे काम कुठेच लिहिलेलं नाही.

अलॉटमेंटची प्रतीक्षायादी आणखी लांबली. तो विषय पुढच्या सभेत.

२८ मार्च, गुरुवार

उद्या गुड फ्रायडे, म्हणून किल्ल्या आजच मिळाल्या. दोन साध्या, आणि अपंगांच्या दाराला देशभर चालणारी रडार किल्ली लागते. ती योजना १९८१पासूनची, त्यामुळे कुठल्याही गावचा चाकाच्या खुर्चीतला माणूस आपल्या किल्लीने आमचं दार उघडू शकेल. आत जाऊन पाहिलं. एका खोलीची कडी लागत नाही, हात वाळवायचं यंत्र बंद, छताला ओल. क्लार्कबाई लिहून घेत होत्या.

१ एप्रिल, सोमवार

ईस्टर मंडे. सफाईच्या माणसाला सुट्टी, म्हणून उघडायला मीच गेले. पावणेसात, नुकतं उजाडलेलं. कागदाची रिळं घरून नेली होती. फरशी धुतली, फिनाइल टाकलं. धुताना आईचा मोरीतला खराटा आठवला, तोच खसखस आवाज.

सव्वासातला एक तरुण आला. खांद्याला मोठी बॅग, रात्रपाळीहून आलेला दिसत होता. माझ्याकडे न बघता आत गेला, बाहेर येऊन ‘थँक्यू’ म्हणाला आणि घराकडे वळला.

अण्णांचा फोन आला, तिकडे दुपार. उघडलं का, विचारलं. उघडलं म्हटलं.

‘पाणी चालू आहे?’

नळ सोडला आणि फोन त्याच्याजवळ धरला.

‘हां,’ म्हणाले.

कडीला नवा स्क्रू हवा. दुकान उद्या उघडेल.