अब्बांचा कुनूत

कोकणातून घाटावर नोकरीला आलो, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. शनिवार होता, शाळा सकाळची होती. चार वाजून गेल्यावर गावाकडच्या सवयीनं आम्ही असरच्या नमाजसाठी मशिदीत गेलो, तर आत चिटपाखरू नव्हतं. हौदावर वुजू करून बसून राहिलो. पाऊण तास झाला तरी अजान होईना. शेवटी चटया झटकणारे एक बुजुर्ग जवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही कोकणातले ना? मग शाफई असणार. इथं आम्ही सगळे हनफी. आमची असर उशिरा असते."

शाफई मसलकात, माध्यान्हीची सावली वजा करून, वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की असरची वेळ सुरू होते. इमाम अबू हनीफांच्या प्रसिद्ध मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. सूर्य एक, सावली एक, आणि वेळा दोन. पुस्तकात हे वाचलेलं होतं. पण घाट चढल्यावर घड्याळ बदलतं, याचा अनुभव त्या दिवशी आला.

सामान्य मुसलमानानं चार इमामांपैकी एकाचा मसलक धरून चालावं, की कुराण-हदीस स्वतः वाचून आपलं आपण ठरवावं, हा वाद जुना आहे. पहिल्या वाटेला तकलीद म्हणतात. आजकाल हा प्रश्न आम्हाला नववी-दहावीची मुलं विचारतात. सकाळी शाळेत येईपर्यंत मोबाईलवर त्यांनी चार वक्ते ऐकलेले असतात आणि चौघांनी एकमेकांची नमाज चुकीची ठरवलेली असते. त्यांना उत्तर द्यायचं तर आधी आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

आम्ही बी.एड.ला शहरात होतो. वसतिगृहात काही मित्र भेटले. तळमळीची मुलं होती, त्यांच्या नियतीविषयी आजही शंका नाही. त्यांनी छोट्या पुस्तिका दिल्या. इमाम हीही माणसंच होती, मग त्यांच्यामागं डोळे झाकून का जायचं, असा त्यांचा सवाल होता. तो आम्हाला पटला. सहा महिन्यांत आम्ही चार-दोन हदीसींचे क्रमांक पाठ केले आणि आलिम झाल्याच्या तोऱ्यात सुट्टीला घरी गेलो.

गावच्या मशिदीत त्या दिवशी पेशइमाम नव्हते. फजरला अब्बा पुढं उभे राहिले. दुसऱ्या रकातीत, रुकूनंतर, शाफई रीतीप्रमाणं त्यांनी हात उचलून दुआ-ए-कुनूत पढायला सुरुवात केली. मागं सगळे आमीन म्हणत होते. आम्ही मात्र हात खाली सोडून ताठ उभे राहिलो. सलाम फिरल्यावर सगळ्यांसमोर म्हणालो, "अब्बा, फजरच्या रोजच्या कुनूतला पक्का आधार नाही."

अब्बांचं शिक्षण चौथीपर्यंत. उभी हयात बोटीवर खलाशी म्हणून गेलेली. ते रागावले नाहीत. चपला पायात सरकवत एवढंच म्हणाले, "असेल बाबा. पोर्ट सुदानला लोक हात सोडून नमाज पढतात, मी त्यांच्यामागं पढलो. इस्तंबूलला कुनूत नाही, तिथंही पढलो. मोंबासाला आपल्यासारखंच आहे. जो पुढं उभा असेल त्याच्यामागं मी उभा राहिलो. घरी आलो की वडिलांनी शिकवलं तसं पढतो. एवढंच मला येतं."

पोर्ट सुदानचे लोक मालिकी, इस्तंबूलचे हनफी, मोंबासाचे शाफई, हे आम्हाला पुस्तकातून कळलं. अब्बांना ते बंदरांवरून ठाऊक होतं. पुढं वाचत गेलो तेव्हा हेही कळलं, की ज्या कुनूतला आधार नाही असं आम्ही ठणकावून सांगितलं होतं, त्याला शाफई उलेमांनी हदीसचाच आधार दिला आहे. त्या हदीसीचं वजन किती, यावर मोठमोठ्या मुहद्दिसांचे मतभेद आहेत. म्हणजे जिथं जाणकार जपून बोलतात, तिथं आम्ही सहा महिन्यांच्या वाचनावर निकाल दिला होता, तोही बापाला, चारचौघांत. माफी मागायची राहून गेली. दोन वर्षांनी अब्बा गेले.

आम्ही शाफई का, याचं उत्तरही अब्बांच्या बोटीसारखं समुद्रावरच सापडतं. कोकणच्या बंदरांत अरब व्यापारी आले, त्यांच्याबरोबर शाफई फिकह आली. भटकळ, मलबार, श्रीलंका, इंडोनेशिया, पूर्व आफ्रिका, या साऱ्या किनाऱ्यांवर शाफई वस्ती आहे. माहिमचे मखदूम अली माहिमी हे चौदाव्या-पंधराव्या शतकातले कुराणाचे थोर भाष्यकार शाफईच होते. घाटावर मात्र इस्लाम जमिनीवरून, मध्य आशिया आणि दिल्लीच्या वाटेनं आला, तो हनफी फिकह घेऊन. तेव्हा आपला मसलक ही आपण शोधून काढलेली गोष्ट नाही. तो आपल्याला वारशानं मिळाला. त्याचा गर्व कशाचा करायचा, आणि त्याची लाज तरी कशाची बाळगायची?

आणि ज्यांच्या नावानं आपण भांडतो ते इमाम कसे होते? कूफ्याचे अबू हनीफा कापडाचे व्यापारी होते. त्यांनी काझीपद नाकारलं, तुरुंग सोसला आणि 767 साली बगदादला त्यांचा इंतकाल झाला. शाफईंचा जन्म त्याच वर्षीचा. शाफई मदीनेत इमाम मालिकांचे शागीर्द होते. पुढं इराकात ते इमाम मुहम्मद शैबानींकडं शिकले, आणि शैबानी म्हणजे खुद्द अबू हनीफांचे शागीर्द. अहमद बिन हंबल शाफईंकडं शिकले. खलीफानं मालिकांचा मुवत्ता हा ग्रंथ सगळ्या मुलखाला लागू करायची तयारी दाखवली, तेव्हा मालिकांनीच नकार दिला, अशी रिवायत आहे. शाफई तर मिसरला गेल्यावर स्वतःची कितीतरी मतं बदलून बसले. चौघांपैकी कुणीच आपला शब्द अखेरचा मानला नाही.

मतभेदाची ही रीत त्यांनी मनानं काढलेली नव्हती. बनू कुरैझाच्या वस्तीत पोचल्याशिवाय असर पढू नका, असा हुकूम हुजूर पैगंबरांनी (स.) सहाबांना दिला होता. वाटेतच वेळ टळू लागली. काहींनी शब्दाला धरून नमाज पुढं ढकलली. काही म्हणाले, हुकमाचा हेतू घाई करा एवढाच होता, आणि त्यांनी वाटेत पढली. हुजूरांनी दोघांपैकी कुणालाही दोष दिला नाही. बुखारीत ही हकिकत आहे. असरचाच प्रश्न होता, आणि असरवरूनच आमच्याकडं माणसं तोंड फिरवून बसतात.

तर मग उत्तर काय? शिक्षक म्हणून आम्हाला असं वाटतं. कुराण आणि हदीस प्रत्येकानं वाचावी, उर्दूत वाचावी, मराठीत वाचावी. तो प्रत्येकाचा हक्क आहे आणि फर्जही. पण वाचणं वेगळं आणि निकाल देणं वेगळं. एकट्या बुखारीत सात हजारांहून अधिक रिवायती आहेत. कुठली आधीची, कुठली नंतरची, कुठली खास प्रसंगापुरती, हे ठरवायला जन्म घालवावा लागतो. ज्याला तो घालवता येत नाही त्यानं जाणकारांची मळलेली वाट धरावी, यात कमीपणा नाही. त्या वाटेवर हजार-बाराशे वर्षं माणसं चालली आहेत.

पण वाटेची भिंत झाली की काय होतं, तेही आम्ही पाहिलं आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर वडिलांची सही नव्हती. विचारलं तर आई शाळेत आली. नवरा कामासाठी बाहेरगावी गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. ना पत्र, ना फोन, ना पैसा. भाऊ तिचं पुन्हा निकाह लावायला तयार होते. पण मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी सांगितलं होतं, की बेपत्ता नवऱ्याच्या वयाची माणसं हयात असेपर्यंत, त्याची नव्वदी होईपर्यंत, बायकोनं थांबावं. जुन्या हनफी ग्रंथांत असं मत खरोखरच आहे. आमच्या शाफई मसलकातलं प्रचलित मतही तिला मृत्यूची खात्री होईपर्यंत थांबायलाच सांगतं. ती बाई तेव्हा बत्तीस वर्षांची होती.

आम्ही गावातल्या एका वृद्ध हनफी मौलानांकडं गेलो. त्यांनी कपाटातून एक जुनं उर्दू पुस्तक काढलं, मौलाना अशरफ अली थानवींचं 'अल-हीलतुन नाजिझा'. इंग्रजी अमदानीत, विशेषतः पंजाबात, नवऱ्याच्या जाचातून सुटायला दुसरा मार्ग नाही म्हणून काही बायका इस्लामच सोडू लागल्या होत्या. तेव्हा कट्टर हनफी असलेल्या थानवींनी मदीनेच्या मालिकी मुफ्तींचे फतवे मागवले आणि 1930 च्या दशकात बेपत्ता नवऱ्याच्या बाबतीत मालिकी मसलकातली चार वर्षांची मुदत स्वीकारली. देवबंद आणि सहारनपूरच्या उलेमांनी तिला दुजोरा दिला. त्यातूनच पुढं 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल, किंवा दोन वर्षं त्यानं पोटगी दिली नसेल, तर बायको कोर्टाकडून निकाह रद्द करून घेऊ शकते. मौलानांनीच वकील गाठून दिला. निकाल लागला. बाईनं पुढं निकाह केला नाही. पण एकदा म्हणाली, "सर, आता दाराची कडी वाजली की छातीत धस्स होत नाही."

दुसऱ्या मसलकाची सवलत घ्यायची ती अशी: जाणकारांनी, दुबळ्याची अडचण पाहून. हजला तवाफच्या गर्दीत बाईचा हात लागला म्हणून वुजू मोडला असं धरलं, तर शाफई माणसाचा तवाफ पुराच होणार नाही. तिथं अनेक शाफई उलेमाच दुसऱ्या मसलकावर चालायला सांगतात. याउलट, एरवी अहले हदीसांना मशिदीच्या पायरीवर उभं न करणारे लोक, रागाच्या भरात तीन तलाक तोंडातून गेले की त्यांच्याच दारात फतव्यासाठी धावत, कारण ते एका बैठकीतले तीन एकच धरतात. 22 ऑगस्ट 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणि 2019 च्या कायद्यानंतर देशात तो तलाकच बाद झाला. पण बाईची अडचण असताना मसलक सोडायचा नाही आणि पुरुषाची अडचण आली की बदलायचा, ही खोड कायद्यानं जात नाही.

आमचं लग्न घाटावरच्याच हनफी घरात झालं. बायको अजूनही कुर्ल्या खात नाही. तिच्या मसलकात खेकडा चालत नाही. कोळंबीबद्दल हनफी उलेमांतच दोन मतं आहेत, तेव्हा तिनं वडिलांना विचारलं आणि मग खायला लागली. टॉवेल देताना बोटाला बोट लागलं की आम्ही पुन्हा वुजूला जातो आणि ती हसते.

फजर कधी कधी घरीच होते. मुलगा आता सात वर्षांचा आहे, तो शेजारी उभा राहतो, ती मागं. दुसऱ्या रकातीत आम्ही हात उचलून कुनूत पढतो, अब्बा पढत तसा. मुलगा मोठ्यानं आमीन म्हणतो. ती तेवढा वेळ हात सोडून गप्प उभी राहते. शाफई इमामामागं फजर पढणाऱ्या हनफीला तिच्या मसलकानं तेच सांगितलं आहे. आम्हीही एकदा अब्बांच्या मागं असेच हात सोडून उभे होतो. पण ती सलाम फिरल्यावर काही बोलत नाही, चहा ठेवायला उठते.